तीन दिवस वाळवलेलं जाळं

दस्तगीर गेल्याचं मला कोडोलीच्या स्टँडवर कळलं. चहावाला कप पुढे सरकवत म्हणाला, ‘‘तळ्यावाला दस्तगीर गेला की सकाळी. बांधावर बसल्या बसल्या.’’ बाकावरचा एक जण म्हणाला, ‘‘रोगाचं तळं, त्योच न्हवं?’’ मी चहा अर्धा टाकून उठलो. रोगाचं तळं... माणूस गेला त्या सकाळीही त्याच्या नावाला तेच चिकटलेलं होतं. ते कुणी चिकटवलं, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

आमची शेततळी शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. रोहू-कटला मासे आम्ही एकाच साली सोडले. पण माझ्या तळ्यावर कुणीही यावं-जावं, आणि त्याच्या वाटेवर मात्र जंतू मारायच्या जांभळ्या औषधाचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय पुढे पाऊल नाही, मग सरपंच असो की सख्खा मेहुणा. ‘‘तळं हाय का दर्गा रं?’’ म्हणून लोक हसायचे, मीही हसायचो. बाहेरून आणलेलं मत्स्यबीज तो पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवून बघायचा. आम्ही पिशवी फोडली की थेट तळ्यात. शेतीत आमच्याकडे पैरा चालतो, आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. तसा जाळ्याचाही चालायचा. एकच जाळं पाच तळी हिंडून यायचं. दस्तगीर त्यात नव्हता. त्याचं जाळं त्याच्याच पाण्यात. ‘‘माशाला सांगता येत न्हाय, काय हुतंय ते. म्हणून नियम पाळायचं,’’ एवढंच म्हणायचा. लोक त्याला दीडशहाणा म्हणायचे.

ते जाळं त्याने एकदाच बाहेर दिलं, मला. माझं फाटलं होतं. ‘‘दोस्तीखातर देतोय. पण परत देताना तीन दिस कडक उन्हात वाळवायचं.’’ माझ्या तळ्यात ओढलं तेव्हा दहा-बारा माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले. मत्स्य खात्याला कळवायला हवं होतं. पण कळवलं की तपासणीचा निकाल येईपर्यंत मासा बाहेर काढता येत नाही, आणि माझं गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी चट्ट्याचे मासे पुरले, बाकीचे विकले, आणि दुसऱ्याच दिवशी जाळं त्याच्याकडे नेऊन टाकलं. घड्यांत ओल होती.

‘‘वाळवलंस न्हवं?’’

‘‘तीन दिवस,’’ मी म्हणालो.

त्याने उलगडून बघितलंही नाही. पिशवीतल्या बोटभर माशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने माझ्यावर ठेवला.

काही आठवड्यांत त्याच्या माशांवर तेच चट्टे आले. त्याने त्याच दिवशी खात्याला अर्ज दिला. साहेब आले, नमुने नेले, विक्री बंद केली, वाटेवर रोगाची पाटी लावली. गावात आणखी दोन तळ्यांत तसेच मासे होते. ते गुपचूप बाजारात गेले आणि लोकांच्या पोटात. ज्याने खरं सांगितलं, रोगी तो एकटाच ठरला. साहेबांनी विचारलं, ‘‘जाळं कुणाला दिलं होतं का?’’ मी तिथेच उभा होतो. दस्तगीरने माझ्याकडे बघितलं. ‘‘न्हाय साहेब. माझ्याच हातनं काय तरी चुकलं.’’ नियमाच्या त्या माणसाने एकच खोटं सांगितलं, तेही माझ्यासाठी.

पुढे बंदी उठली, पण त्याचा मासा कुणी घेतला नाही. त्याने पुन्हा बी सोडलं नाही. रिकाम्या तळ्याच्या बांधावर बसायचा. माझ्याशी ऊस-पाण्याचं बोलायचा, जाळ्याचं कधीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. शोकसभेत त्याचा मासा नाकारणारेच ‘शिस्तीचा माणूस’ म्हणून हळहळले. मलाही दोन शब्द बोलायला लावलं. मी तेच म्हणालो आणि खाली बसलो.

चाळिसावा झाल्यावर त्याची बायको, आमची भाभी, दारात आली. हातात घडी घातलेलं जाळं.

‘‘भावजी, तुमचं जाळं परत फाटलंय म्हणं. ह्यांचं घ्या. घरात कोण वापरनार?’’ जाता जाता वळून म्हणाली, ‘‘तीन दिस उन्हात वाळवलंय. ह्यांची रीत हुती की ती.’’

तिला काही ठाऊक होतं का, चेहऱ्यावरून कळलं नाही. ती गेल्यावर मी अंगणात बसून जाळं उलगडलं आणि एकेक घडी हाताने चाचपून बघितली. कुठेही ओल नव्हती.