पिल्लांबरोबर आलेला विषाणू

माझी मैत्रीण वासंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "झटका आला…" एवढंच तिचा नवरा बोलू शकला. मला एकदम वडिवळ्याची ती दुपार आठवली.

वासंती कोंबड्यांची डॉक्टर, अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या एका हॅचरीत नोकरीला. हॅचरीची पिल्लं मावळभर जायची; कुठे पिल्लं आजारी पडली की हिची गाडी तिकडे धावायची. त्या वर्षी वडिवळ्यात किसनभाऊंच्या शेडमधल्या, तिच्याच हॅचरीतून आणून चांगल्या पोसलेल्या कोंबड्या पटापट मरू लागल्या. शेजारच्या रमेशकडे मात्र एकही नाही. दोघांचं बांधावरून आधीच वाकडं. "ह्यानंच पाण्यात इख घातलं," म्हणत किसनभाऊ कोयता घेऊन निघाले आणि वासंती आडवी उभी राहिली. पलीकडून रमेश ओरडत होता, "मी कुटं आलतो तुमच्याकडं?"

तिने तिथेच मेलेली कोंबडी उघडून दाखवली. हृदयाभोवती पाणी साचलेलं, यकृत सुजून पिवळं पडलेलं.

"भाऊ, हे विष नाही. अडिनोव्हायरस नावाचा विषाणू असावा."

"मंग त्याची का न्हाई मेली?"

"तेच शोधते. तोवर कोयता माझ्या गाडीत राहू दे."

कोयता आणि यकृताचे नमुने घेऊन ती पुण्याला माझ्याकडे आली. हॅचरीतल्या नुकत्या उबवलेल्या पिल्लांचेही नमुने तिने आणले होते. विषाणूची जनुकं वाचून दोन्हीकडचा विषाणू एकच आहे का, ते मला पाहायचं होतं. मधल्या दिवसांत रमेशच्या दारावर दगड पडले. वासंती रोज वडिवळ्याला जात होती, जेवणखाण सुटलं होतं… निकाल आला. दोन्ही विषाणू तंतोतंत जुळले. आजार अंड्यातून, पिल्लांबरोबरच आला होता. रमेशने पिल्लं दुसरीकडून आणली होती.

"अगं, तुझ्याच हॅचरीवर येतंय हे. नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. नाही सांगितलं तर तिथे माणूस जाईल."

तिने दोघांना समोरासमोर बसवून सगळं सांगितलं.  किसनभाऊ रमेशला म्हणाले, "चुकलं माझं." महिनाभरात वासंतीची नोकरी गेली. पुढे शेवटपर्यंत ती एकटीच गावोगाव शेड तपासत फिरली.

परवा वडिवळ्याला जाऊन आले. किसनभाऊंच्या शेडच्या दारात वासंतीने ठेवायला लावलेलं जंतुनाशकाचं पसरट घमेलं होतं. रमेश खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन आला, न सांगता थांबला, दोन्ही पाय नीट बुडवले.

"डॉक्टरबाई बघत्यात असं वाटतं," म्हणाला, आणि आत गेला.