आवाज बंद ठेवलेला टीव्ही

आमच्या जुन्या चाळीचा आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. परवा त्यावर लाकडी शटरच्या टीव्हीचा फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘किती साधे, किती सुखाचे दिवस!’ पाठवणारी माझी बालमैत्रीण, समोरच्या खोलीतली. बाकीच्यांनी हात जोडले, बदाम पाठवले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

काळेवाडीतल्या त्या चाळीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. खोली एकच आणि वडील कंपनीत शिफ्टला. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात रविवारचा हिंदी सिनेमा लागायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून, कामावर जाण्याआधीची झोप काढत असायचे. सिनेमाला तर अर्धी चाळ लोटायची. आईनंच तोडगा काढला. आवाज पूर्ण बंद करायचा आणि पडद्यावर कोण काय म्हणतंय ते तिनं ओठांवरून ओळखून हळू आवाजात सांगायचं. वडील घोरत असायचे आणि आई सगळ्यांच्या वतीनं बोलत असायची. नायक, खलनायक, इन्स्पेक्टर, सगळेच आमच्या लातूरकडचे होऊन जायचे. एका सिनेमात छळ सोसणारी सून होती. तिच्या तोंडी आईनं घातलं, “आत्याबाई, तुमच्या लेकीला कुणी असं केलं तर चालंल का?” बायकांनी माना डोलावल्या. स्वतःच्या सासूपुढे आईनं जन्मात ब्र काढला नव्हता.

आईला हिंदी येत नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि मी फक्त या मैत्रिणीला सांगितलं होतं. गळ्याला चिमूट लावून तिनं शपथ घेतली होती.

पुढे तिच्याकडे रंगीत टीव्ही आला. तिच्या वडिलांचं दुकान होतं, शिफ्टबिफ्टची भानगड नाही, त्यामुळे आवाज जिन्यापर्यंत. तोच सुनेचा सिनेमा पुन्हा लागला तेव्हा आईलाही आग्रहानं बोलावलं. आई पुढेच बसली. पडद्यावरच्या सुनेनं सासूचे पाय धरले आणि रडत रडत माफी मागितली. बायका बुचकळ्यात पडल्या.

“काकूंना कुठं हिंदी येतंय?” मैत्रीण म्हणाली. “सगळं मनाचंच सांगायच्या. हिनंच सांगितलंय मला.”

खोलीभर हशा पिकला. आईही पदर तोंडाला लावून हसली. मग तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी त्या मैत्रिणीला मनातून काढून टाकलं, ते कायमचं.

पुढच्या थर्ड शिफ्टला आईनं रविवारी टीव्हीचं शटर ओढलं आणि निवडायला भाजी घेतली. मला म्हणाली, तिकडं जाऊन बघ. मी गेले नाही. चाळ मात्र गेली.

आता आम्ही पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो फोटो मी आईला दाखवला. तिनं चष्मा सारखा करून पाहिला, मैत्रिणीची, तिच्या मुलांची चौकशी केली. आईच्या मनात काही उरलं नसेल कदाचित. माझ्या मनात आहे. समोर हिंदी मालिका चालू होती, कुणीतरी सून रडत होती. मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

“आई, काय म्हणतीये गं ती?”

आई पडद्याकडे बघत राहिली. ओठ जरासे हलल्यासारखे वाटले.

“मला कुठं हिंदी येतंय, बाई,” ती म्हणाली आणि माझ्या हातातून रिमोट घेऊन तिनं आवाज वाढवला.