नळ्यांवरची शाई

तारनाक्याच्या प्रयोगशाळेत माझं काम सुरमईच्या शेपटीचे कापलेले तुकडे सांभाळायचं. अर्धे रत्नागिरीहून आलेले, अर्धे विशाखापट्टणमहून, सगळे अल्कोहोल भरलेल्या नळ्यांत. दोन्ही किनाऱ्यांवर फिरणारे हे मासे एकाच कुळाचे की वेगवेगळ्या कुळांचे, हे त्यांच्या डीएनएवरून ठरणार होतं. वेगळे निघाले तर मासेमारीचे नियमही प्रत्येक किनाऱ्याला वेगळे. एकच असले, तर इकडे उपसलेला मासा तिकडेही संपणार.

त्या सकाळी मी पेटी उघडली. झाकणं गळली होती आणि अल्कोहोलने नळ्यांवरची नावं धुऊन नेली होती. खरं तर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाकायची असते, ती पुसली जात नाही. मला कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

मी ती पेटी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला दाखवली. त्याने मान वर केली नाही. "डीएनए देखके अलग कर लो. इधर के इधर, उधर के उधर."

ते वेगळे आहेत का, हेच तर शोधायचंय, असं मी कसंबसं म्हणाले.

"डरो नक्को," तो म्हणाला. "पिछले साल भी ऐसाइच हुआ था. मैंइच नामां लिख दिया."

मागच्या वर्षीचा अहवाल मीच टाईप केला होता. त्यात दोन्ही किनाऱ्यांचे मासे इतके स्वच्छ वेगळे निघाले होते, की कुणी शंका काढली नाही. यंदाचे नियम त्यावरच बेतलेत.