आबांचा काना

आबांनी डूख धरला होता तो एका कान्यावर. 'व'च्या पुढे उभी रेघ ओढली की 'वा' होतो ना, तो काना. आमच्या तळेगावच्या ऑफिसात ते आले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आले बरं कानावाले आबा." आबांना ते बरोबर ऐकू जायचं आणि त्याचा रागही यायचा नाही. "व्हय, आलो. घावला का काना?" असं म्हणत ते माझ्या टेबलासमोर बसायचे. हाच त्यांचा रामराम.

ऑफिस म्हणजे स्टेशनजवळच्या दोन खोल्या. विधिमंडळात पर्यावरणाची आणि वाऱ्या-उन्हावर होणाऱ्या विजेची जी विधेयकं येतात, त्यांच्या मागावर राहायचं, हे माझं काम. कुठलं मांडलं गेलं, कुठलं समितीकडे गेलं, तिथे त्यात काय बदललं, कुठलं मंजूर होऊन राजपत्रात छापलं गेलं, याचा तक्ता मी दर अधिवेशनात करते आणि ज्यांना हवा त्यांना पाठवते. माझ्या आईला हे काम आजतागायत समजलेलं नाही. "म्हणजे तू नुसतं वाचतेस?" असं ती विचारते. आबांना मात्र ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "हितं कायदे राखत्यात असं कळलं. खरं हाय का?" गुरं राखावीत, तसं.

ते आले होते कुरवंड्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून. भर वैशाखात, दोन बस बदलून. पिशवीतून त्यांनी घड्या पडून चिरलेला राजपत्राचा कागद काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "बाई, एवढं वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं, "ग्रामसभेची संमती वा पाण्याच्या स्रोतांची पाहणी झाल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही."

"थांबा. 'व' हाय का 'वा' हाय?"

"वा आहे, आबा. म्हणजे दोन्हींतलं एक झालं तरी चालतं."

आबांनी त्या अक्षरावरचं बोट उचललं नाही. "आमच्यात त्येनं 'व' वाचला," ते म्हणाले.

तो म्हणजे पवनचक्क्यांच्या कंपनीचा, जमिनी आणि परवानग्यांचं बघणारा माणूस. त्याचं नाव मला पाठ आहे, पण ते इथे लिहून मी माझं लेखन बाटवणार नाही. आबा त्याला 'साहेब' म्हणायचे आणि त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा यायचा. वाडीच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. साहेब वाडीवर आला, आबांच्या पडवीत बसून तांदळाची भाकरी आणि वाटाण्याची उसळ खाल्ली, वर मागून घेतली. मग मारुतीच्या देवळात सगळ्यांना बसवून त्यानं कायदा वाचून दाखवला. ग्रामसभेची संमती व पाण्याची पाहणी, दोन्ही झाल्याशिवाय एक खडा हलणार नाही, निश्चिंत राहा. माणसं निश्चिंत राहिली. हरकती घ्यायची मुदत निघून गेली तरी कुणी हरकत घेतली नाही. संमती विचारायला कुणीतरी येईलच, तेव्हा बघू, अशा हिशोबानं सगळे थांबले होते. कुणी आलं नाही. कंपनीच्याच माणसानं एका दुपारी कागदोपत्री पाहणी उरकली आणि जेसीबी आला. पठारावर जायच्या रस्त्याचा मुरूम वाडीच्या झऱ्यावर पडला आणि झरा कायमचा बुजला.

त्यानंतर बायका खालच्या विहिरीवर जायला लागल्या. त्याच मुरमावरून आबांची बायको हंड्यासकट घसरली. आदल्या वर्षी चैतात खुबा मोडला, आखाडात गेली. आबा हे सांगताना रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्या घरची भाकर खाल्ली, आन कायद्यातला काना बी खाल्ला त्येनं. ओकायला लावीन."

ते गेल्यावर मी माझे जुने तक्ते उघडले. ते विधेयक मांडलं गेलं तेव्हा त्यात 'व'च होता. समितीतून बाहेर पडलं तेव्हा 'वा' झाला होता. आणि माझ्या तक्त्यात, बदलाच्या रकान्यात, मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : 'किरकोळ शाब्दिक दुरुस्त्या.' मी ती ओळ वाचलीच नव्हती! पगार घेऊन वाचायला बसलेली बाई मी, आणि मलाच एक काना दिसला नाही. पुढच्या खेपेला मी ते आबांना सांगून टाकलं. वाटलं, आता हा म्हातारा काठी उगारणार. आबांनी पिशवीतून करवंदांची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "तुमी चुकला, बाई. त्यो चुकला न्हाई. त्येनं केलं." पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. त्या दिवसापासून साहेबावर माझाही दात आहे, आणि तो पडलेला नाही.

मग आबा नेमानं यायला लागले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा वाचायला लागला, तोही फक्त काना शोधायला. बसमधून येताना रस्त्यावरच्या पाट्या तपासत यायचे. एकदा भलतेच खूश होऊन आले. "लोनावळ्याला पाटी लावलीया, बंगला विकणे व भाड्याने देणे हाय. आरं, विकल्याव भाड्यानं काय देतो? तितं 'वा' पायजे. आमचा काढून ह्येंना द्या!" आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसले.

माझ्या तक्त्याचे रकाने त्यांना पटत नसत. त्यांनी त्यांना भातशेतीची नावं दिली. मांडलेलं विधेयक म्हणजे रोपात असलेलं, समितीकडे गेलेलं म्हणजे लावणीला लागलेलं, मंजूर झालेलं म्हणजे कापून झोडलेलं. फोन करून विचारायचे, "बाई, त्ये किनाऱ्याचं रोपातच हाय का अजून?" कापणी झालेल्या विधेयकाबद्दल त्यांना काडीचा रस नसे. "तण रोपात असतानाच उपटायचं. खळ्यात बसून रडून काय उपेग?" हळूहळू आमचं अख्खं ऑफिस तसंच बोलायला लागलं. एकदा मुंबईच्या बैठकीत माझ्या तोंडून 'लावणीला लागलंय' निघून गेलं, आणि समोरचे साहेबलोक माझ्याकडे बघतच राहिले.

पवनचक्कीवर मात्र आबांचा राग नव्हता. कुणी त्या पात्यांना नावं ठेवली तर ते त्यालाच झापायचे. "वारा काय माझ्या बापाचा न्हाई. फिरू द्या की. पाणी माझ्या बापाचं हाय." मला हे फार आवडायचं, कारण विजेसाठी डोंगर फोडा म्हणणारे आणि वीजच नको म्हणणारे, दोघांनीही मला वात आणला होता.

चार वर्षांनी तोच कायदा सुधारायचं विधेयक आलं. त्याच सुमारास तिकोणा पेठेकडच्या एका वाडीत कंपनीचा दुसरा टप्पा ठरला. त्या वाडीत आबांची एकुलती एक लेक दिलेली. तिच्या दारामागेच झरा. आबा धावतपळत आले, बसायलासुद्धा तयार होईनात. "बाई, आता लेकीचं पाणी जातंय. काना काढाया पायजे."

समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मी आबांना म्हटलं, सविस्तर निवेदन करू, झरा, तुमची बायको, सगळं लिहू. आबांनी साफ नाही म्हटलं. "लांब लिवलं की वाचत न्हाईत. आन वाचलं, तर इचार करत्यात." त्यांनी सांगितलं तसं मी एका ओळीचं पत्र टाईप केलं : अमुक कलमात 'वा' आहे तिथे मूळ विधेयकाप्रमाणे 'व' असावा. खाली आबांची सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं काढलेली.

समितीच्या अहवालात ती सूचना कुठे गेली असेल? किरकोळ शाब्दिक दुरुस्त्यांत! जो रकाना मी वाचला नव्हता, तो आता कंपनीच्या माणसांनी वाचला नाही. गोंगाटात, आवाजी मतदानानं विधेयक मंजूर झालं. राजपत्र आलं तेव्हा मी भिंग घेऊन ती ओळ पाहिली. मग फोन केला. "आबा, कापणी झाली. काना गेला." आबा म्हणाले, "आता त्येला येऊ द्या."

साहेब आला. लेकीच्या वाडीतल्या ग्रामसभेला मीही मुद्दाम गेले होते, आबांच्या शेजारी, सतरंजीवर. साहेब आबांना विसरला होता. किती माणसांच्या पडवीत जेवला असेल, कुणाकुणाला लक्षात ठेवणार? त्यानं तेच मधाळ हसू आणलं, जुनाच कागद काढला आणि सवयीनं तेच खोटं वाचलं, "ग्रामसभेची संमती व पाण्याची पाहणी. दोन्ही झाल्याशिवाय आम्ही खडा हलवणार नाही. निश्चिंत राहा."

आबा उठले. "साहेब, परत एकदा वाचा. मला कमी ऐकू येतं."

त्यानं परत वाचलं. खणखणीत.

"समद्यांनी ऐकलं?" आबांनी विचारलं. "मंग आमची संमती न्हाई. ग्रामसेवक, लिवा."

हात वर झाले. एकसुद्धा खाली राहिला नाही. ग्रामसेवकानं ठराव लिहिला आणि साहेब तोवर हसतच होता, कारण त्याच्या मते त्या ठरावाला कवडीची किंमत नव्हती. मग आबांनी नवं राजपत्र त्याच्या हातात ठेवलं. "आता ह्यातला काना दावा."

साहेबानं वाचलं. मोबाईल काढून त्यावर वाचलं. पुन्हा कागद वाचला. त्याचं बोट त्या एका अक्षरावरून पुढंमागं फिरत होतं, आणि मी ते डोळे भरून बघत होते. चांगल्या माणसानं असं करू नये म्हणतात. नसेन मी चांगली! बाई मुरमावरून घसरून मेली होती. मला तो चेहरा आणखी तासभर बघायला मिळाला असता तरी कमीच वाटलं असतं.

दुसरा टप्पा बारगळला. कंपनीनं साहेबाला घरी बसवलं, असं ऐकलं आणि मी ऑफिसात पेढे वाटले. पुढे तो एकदा आबांच्या वाडीवर गेला. आबांनी त्याला पडवीत बसवलं आणि लोटाभर पाणी दिलं, टँकरचं, गढूळ. "प्या. तुमच्याच कृपेनं मिळतंय." तो ते प्यायला आणि त्यानं माफी मागितली. आबा म्हणाले, "मी कोण माफ करणार? म्हातारीला इचारून या."

यंदा भाद्रपदात आबा गेले. दोन दिवस आधी फोनवर बोललो होतो. 'वा' परत आणायचं विधेयक पुढच्या अधिवेशनात येणार अशी कुणकुण होती. मी सांगितलं तर म्हणाले, "रोपात हाय तवर उपटा." आवाज बारीक झाला होता.

दहाव्याला इंद्रायणीकाठी निम्मं मावळ जमलं होतं. साहेबही पांढरे कपडे घालून आला होता, आणि त्याला कुणी हाकललं नाही, याचा मला संताप आला. पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. लेकीनं हात जोडून सांगितलं, झरा जपीन. भाच्यानं सांगितलं, शेत पडीक ठेवणार नाही. कावळे ढिम्म. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, मी बसलेय राखायला. काना परत येऊ देणार नाही." एक कावळा नुसता फांदी बदलून बसला. ऊन चढलं. शेवटी वाडीतले एक वडीलधारे साहेबाकडे बघत म्हणाले, "मेल्यामागं वैर कशाला? आबा, ह्येला माफ केलं म्हणा, आन जीव मोकळा करा." साहेबानं हात जोडले. बाभळीवरचे दोन कावळे उडून पार पलीकडच्या काठाला गेले.

माझा कावळ्यांवर विश्वास नाही. तरी मी पिंडाजवळ बसले, पिंडापुढे जमिनीवर हात टेकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आबा, त्याला माफी नाही. तुमच्या मागंसुद्धा नाही."

माझा हात मागं यायच्या आत कावळा पिंडावर होता.