गॅलरीतून आलेली ‘ओ’

वनिताबाईंना हळू बोलता येत नाही, हे कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या त्या चौदा मजली इमारतीला त्या आल्या त्याच आठवड्यात कळलं. सातव्या मजल्यावर त्या ‘अरं दूध उतू चाललंय!’ म्हणाल्या की आठव्या मजल्यावरचे गुरुदत्त देशकर आपला स्टोव्ह बघायला उठायचे. गुरुदत्त मूळचे नागपूरचे, इथे येऊन वीस वर्षं झाली, आणि दुसऱ्यांच्या घरची बातमी त्यांना रेडिओपेक्षा आधी लागायची. वनिताबाई आल्यापासून तर त्यांना कान लावायचेही कष्ट उरले नव्हते.

आता यात बाईंचा तरी काय दोष? सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात त्यांची पिठाची गिरणी. नवरा गेला तेव्हा मुलगा नंदन चौथीत होता. लोक म्हणाले, गिरणी विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. बाईंनी पदर खोचला आणि पट्टा स्वतः चढवला. धडधडणाऱ्या जात्याशेजारी उभं राहून ‘हा ज्वारीचा डबा कुणाचा गं?’ असं विचारायचं, तर आवाज रस्त्यापर्यंत जायलाच हवा. तो गेला, आणि परत खाली उतरलाच नाही. कानही थोडे मंद झाले. सगळ्या गल्लीचं पीठ भुवयांवर घेऊन त्यांनी पोराला इंजिनियर केला. पोरगा पुण्याला गेला, तिथून कॅनडाला, तिथेच त्याला नोकरी लागली, पुण्याची उत्कर्षा बायको म्हणून मिळाली आणि २०१७च्या थंडीत अबोली झाली.

त्या नातीसाठी वनिताबाई पुढच्या एप्रिलमध्ये आल्या. परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या मध्याचं. अबोलीला तेल लावलं, पेज भरवली, ‘अडगुलं मडगुलं’ म्हणून नाचवलं. सगळं गोडीत चाललं होतं. मग सप्टेंबरात एक दिवस त्या वॉशरूममध्ये अबोलीचं लाळेरं धूत होत्या आणि भिंतीपलीकडे नवराबायकोचं बोलणं चाललं होतं.

“डेकेअरची वेटिंग लिस्ट समरपर्यंत हलणार नाही म्हणाले,” उत्कर्षा म्हणाली. “माझी लीव्ह तर संपतेय.”

“अगं, आई राहतेय ना. व्हिजा एक्स्टेंड करू. मी अप्लाय करतो.”

“त्यांना विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? आई आहे ती. नाही थोडंच म्हणणार?”

बाईंचे कान मंद आहेत, मान्य. पण स्वतःविषयी चाललेलं ऐकायला कुणाचे कान मंद असतात? लाळेरं पिळता पिळता त्या थांबल्या. नळ तसाच वाहत राहिला.

गोष्ट अशी होती, की त्यांना जायचं होतं. गिरणी जावेच्या, आनंदीच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. दिवाळीआधीचे तीन आठवडे म्हणजे गिरणीची लग्नसराईच. गावभरच्या चकल्यांची भाजणी तिथे उतरते. ‘वनिताकाकूंकडं दळलेली भाजणी तेलात हसत नाही, चकली सुटत नाही’ अशी ख्याती. आनंदी फोनवर रोज विचारायची, “बायका आत्तापासनं इचारत्यात. तुमी येणार न्हवं?” आणि बाई म्हणायच्या, “येते की गं!” फोन ठेवला की नंदनसमोर मात्र तोंडातून शब्द निघायचा नाही. जन्मात त्या पोराला त्या कशालाच नाही म्हणाल्या नव्हत्या. पुण्याला नाही म्हणाल्या नाहीत, कॅनडाला नाही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या गिरणीत सगळी धान्यं दळली गेली, ‘नाही’ तेवढं राहून गेलं.

तर ऑक्टोबर उजाडला. गुरुदत्तांचा एक नियम होता. इमारतीतल्या कुणाचेही आईवडील आले की त्यांना हॅलिफॅक्स दाखवल्याशिवाय ते परत जाऊ देत नसत. किल्ल्यावरची दुपारची तोफ, डार्टमथची फेरीबोट आणि शेवटी प्रॉव्हिन्स हाउस. माहिती सांगायचे कमी, स्वतःची मिसळायचे जास्त. नंदनने ऑफिसला सुट्टी टाकली, अबोलीला सर्दी म्हणून उत्कर्षा घरी थांबली आणि हे तिघं निघाले.

प्रॉव्हिन्स हाउस म्हणजे इथल्या प्रांताचं विधानभवन. दोनशे वर्षांना टेकलेली, पिवळट करड्या दगडाची इमारत. आजूबाजूला काचेची उंच उंच ऑफिसं, आणि मधे ही, नव्या सुनांच्या घोळक्यात लुगडं नेसून बसलेल्या सासूसारखी.

“एवढंच व्हय?” वनिताबाई फुटपाथवरूनच म्हणाल्या. दोन गोरे वळून बघायला लागले. “आमच्या साखर कारखान्याचं हापिस ह्याच्याहून मोठं हाय.”

“आई, हळू,” नंदन म्हणाला.

“ताई, कारखान्याचं ऑफिस मोठंच असते,” गुरुदत्त म्हणाले. “तिथे खायची सोय जास्त ना.”

आत मात्र बाई गप्प झाल्या. जिना असा झिजलेला, की पायऱ्या मधोमध खोल. भिंतीवर चुन्याची नक्षी. एके ठिकाणी नक्षीतल्या पक्ष्यांना मुंडकीच नव्हती.

“ह्यांचं काय झालं?”

“असं सांगतात,” गुरुदत्तांनी घसा साफ केला, “की फार वर्षांपूर्वी इथल्या एका सभासदाला अमेरिकेचा भयंकर राग होता. त्याला हे पक्षी दिसले. त्याला वाटलं, अमेरिकेचे गरुड! घेतली काठी आणि उडवली मुंडकी. मागून कळलं, गरुड नव्हतेच ते. ससाणे होते बिचारे.”

“मग त्यानं कुणाला इचारलं न्हाई व्हय आधी?”

“विचारतं कोण, ताई? आपल्याला माहीतच आहे असं वाटून राहिलं, की माणूस विचारत नसते.”

बाईंनी त्या पक्ष्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्यांची नजर पोराकडे गेली. पोरगा फोन बघत होता.

सभागृह भरलेलं होतं. वर पाहुण्यांची गॅलरी, खाली समोरासमोर बाकं, मधे उंच खुर्चीत काळ्या झग्यातला सभापती. दारावरच्या वयस्क रखवालदाराने बजावलं होतं: बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. गुरुदत्त नंदनच्या कानाला लागले, “यांना घेऊन राहिला तू गॅलरीत? फायर अलार्म घेऊन सिनेमाला गेल्यासारखं आहे हे.”

पण वनिताबाई शहाण्यासारख्या बसल्या. खाली एकजण उठून बराच वेळ वाचत होता. इंग्रजी डोक्यावरून जात होतं. त्यांनी छताकडे बघितलं, वरची फुलं पुसायला कोण चढत असेल, याचा विचार केला. आत ऊब होती, डोळे जड झाले. डोळ्यांपुढे गिरणी आली. दारात डब्यांची रांग लागलीय, पट्टा फिरतोय, आणि बाहेर शाळा सुटून पोरगा येतोय, दप्तर फेकायच्या आधी हाक मारणार...

खाली सभापतीने काहीतरी विचारलं आणि एका बाजूची सगळी बाकं एकदम म्हणाली,

“आय!”

“ओ!” वनिताबाई ओरडल्या. “आले रं!”

दोनशे वर्षांत त्या छताने बरीच भाषणं ऐकली असतील. पण अशी ‘ओ’ ऐकली नसेल. सगळं सभागृह मान वर करून बघायला लागलं. कुणीतरी फसकन हसलं. बाई अर्ध्या उठलेल्या, पदर सावरलेला, एक पाऊल निघालेलं. नंदनचे कान लालबुंद. गुरुदत्तांनी मफलर तोंडात कोंबला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

रखवालदार वाकून आला. चेहरा गंभीर, डोळे हसरे. हळूच काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतोय?” बाईंनी त्यांच्या मते कुजबुजत विचारलं.

गुरुदत्तांनी मफलर काढला. “म्हणतो, गॅलरीत बसलेल्यांना मत देता येत नाही.”

बाई खाली बसल्या. तेवढ्यात सभापतीने दुसरा प्रश्न केला आणि समोरच्या बाकांवरून, संख्येने कमी पण ठणठणीत आवाज आला: “ने!” सभापतीने काहीतरी जाहीर केलं, आणि संपलं.

बाहेर आल्यावर, अंगणातल्या एका पुतळ्याशेजारच्या बाकावर, बाईंनी पहिला प्रश्न केला, “ती माणसं आय म्हणाली. मग दुसरी ने म्हणाली. कुणाच्या आयला न्यायचं चाललं होतं?”

गुरुदत्त इतके हसले की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं: ठराव पसंत असेल त्याने म्हणायचं ‘आय’. नापसंत असेल त्याने ‘ने’. म्हणजे आपलं हो आणि नाही.

“आणि ने म्हणणारी हरली?”

“हरणारच. डोकी मोजलेलीच असतात.”

“सगळ्यांना म्हायती असतंय?”

“सगळ्यांना.”

“मग त्यांना इचारतात कशापायी?”

गुरुदत्तांनी थट्टेसाठी तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, मिटलं. “विचारावंच लागते, ताई. समोरच्यांना ‘ने’ म्हणायची जागा दिल्याशिवाय ठराव पास झाला असं म्हणताच येत नाही.” आणि ते कॉफी आणतो म्हणून रस्ता ओलांडून गेले. एवढा बोलका माणूस, पण कुठून उठून जावं हे त्याला बरोबर कळतं. (अर्थात पुढचं सगळं त्यांना त्याच आठवड्यात कळलंच. छत पातळ आहे.)

मायलेकरं बाकावर राहिली. मेपलची लाल पानं पायाशी लोळत होती.

“आई, तू ओ काय दिलीस गं?” नंदन अजून हसत होता. “तुला वाटलं मी हाक मारली?”

“तू कशाला मारशील? तू आई म्हणतोस.”

ते बोलणं साधंच होतं. पण नंदनचं हसू जागीच राहिलं. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलवरच्या पोरांनी त्याच्या ‘आय’ची नक्कल केली होती, महिनाभर. दिवाळीला तो घरी आला आणि दारातून म्हणाला, “आई!” वनिताबाईंनी मागे वळून बघितलं होतं, दुसरं कोण आलंय म्हणून. मग उमजलं, आणि त्या हसून म्हणाल्या होत्या, “ग्वाड वाटतंय की!” तेव्हापासून ‘आय’ गेली ती गेली. ती आज सापडली कुठे, तर समुद्रापार, सुटाबुटातल्या माणसांच्या तोंडात.

संध्याकाळी जेवताना नंदनने सगळा प्रसंग उत्कर्षाला सांगितला. ‘आले रं’ची नक्कल करून दाखवली. उत्कर्षाला हसता हसता ठसका लागला. वनिताबाईही हसल्या. हसू ओसरलं तसं नंदन आमटीत पोळी बुडवत म्हणाला, “बरं आई, उद्या तुझा फोटो काढून घेऊ. एक्स्टेन्शन टाकायचंय. मार्चपर्यंत तरी.”

“ने,” वनिताबाई म्हणाल्या.

दोघं पुन्हा हसली.

“मला ने,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, आठव्या मजल्यापर्यंत जाणारा. पण तो आता जरा हलत होता. “घरी ने. तिकीट हाय त्या दिवशी इमानतळावर ने.”

नंदनचा घास हातातच राहिला. “अगं, पण अबोली...”

“अबोली माझा जीव हाय. फुडल्या साली परत येईन. पण माझी गिरणी हाय, भाजण्या यायच्यात, आनंदी एकटी हाय. हितं मी सहा म्हैनं वरच्या गॅलरीत बसल्यावानी बसले, बाळा. समदं दिसतंय, समदं ऐकू येतंय, मत कुणी इचारत न्हाई. त्या हॉलात तर हरणाऱ्यालाबी इचारतात.”

उत्कर्षाने ताट सरकवलं. “तू नंतरही त्यांना विचारलं नव्हतंस? मला म्हणालास, त्या खूश आहेत.”

“मला वाटलं...” नंदन म्हणाला. कुणाचं तरी मुंडकं उडवून झाल्यावर काठी हातात धरून उभ्या असलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

उत्कर्षाची लीव्ह संपत होतीच, डेकेअरची लिस्ट हलणार नव्हतीच. बाईंच्या एका शब्दाने त्यातलं काही सुटलं नव्हतं, उलट अडलंच होतं. तिने सासूच्या पानात भात वाढला. “मला फार जड जाईल हं,” ती म्हणाली. “राहा असंच म्हणेन मी. पण तुम्ही बोललात ते बरं केलंत.”

जेवणं झाली. वनिताबाई अबोलीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. आज नंदन न सांगता घासायला उभा राहिला होता. मग नळ बंद झाला. आणि मग स्वयंपाकघरातून, अडखळत, बरीच वर्षं न उघडलेल्या दाराची कडी काढावी तसा शब्द आला,

“आय?”

बाईंना ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. पण कान मंद आहेत हे तर साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. त्याचा फायदा घेऊन त्या गप्प बसल्या, खिडकीबाहेर बघत.

“आय! डेकेअरचं बघू आम्ही दोघं. तिकीट तसंच ठेवू ना तुझं?”

“ओ,” वनिताबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की वरच्या मजल्यावर कुणालाच काही कळलं नाही.