राजाचा खोकला आणि कुजबुजताईच्या गोळ्या

नाटक कंपनीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची कुजबुजताई. विंगेत पडद्याच्या घडीआड एक बुटकं स्टूल, मांडीवर संहिता, हातात काजव्याएवढा टॉर्च, आणि तोंडातून सतत पाझरणारी कुजबूज. नट अडला की वाक्य पुरवायचं, हे तिचं काम. कुजबूजही अशी, की रंगमंचाच्या पार पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या नटाला शब्द न् शब्द कळावा आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला वाटावं, कुठंतरी पंखा फिरतोय.

तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे महाराज. हा गृहस्थ वर्षानुवर्षं राजाचीच कामं करायचा, कारण त्याला उभं राहायला फार सुंदर जमायचं. पाठांतराशी मात्र उभा दावा. "पाठ काय कुणीही करतं हो! कलावंत ऐकतो!" असं तो छाती पुढं काढून सांगायचा. विंगेतून जे येईल ते झेलायचं आणि गडगडाट करून परत फेकायचं. मधे डोकं घालायचं नाही. डोकं घातलं की अभिनय बिघडतो, असं त्याचं ठाम मत.

आणि त्यातूनच तो सगळा घोटाळा झाला.

ताईला खोकला लागला होता. त्या दिवशी प्रयोग रंगात आलेला. ताई कुजबुजली, "प्रधानजी, सीमेवर शत्रू..." आणि तिला ठसका लागला. खॉक् खॉक्.

महाराज गरजले, "प्रधानजी! सीमेवर शत्रू... खॉक्! खॉक्!"

ताईनं कपाळावर हात मारला. रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला. पण पुढचं वाक्य द्यायचं म्हणजे बोळा काढणं आलं. "आमची तलवार, खुं खुं खुं..."

"आमची तलवार! खुं! खुं! खुं!" आणि डावा हात छातीवर. ही महाराजांची पदरची भर.

प्रधान चक्रावला. त्याला वाटलं, नवीन काहीतरी बसवलंय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. मागं कशाला राहा, म्हणून तोही अदबीनं खोकला. राजा खोकतोय, प्रधान खोकतोय, मग आपण नुसते भाले धरून काय उभे, असं वाटून दोन्ही शिपाई खोकले. सगळा दरबार खोकत असताना पडदा पडला आणि टाळ्यांचा नुसता पाऊस.

मालक धावत आत आले. "काय सुचलं हो महाराज! आतून पोखरलेलं राज्य! अहाहा!"

"सुचतं असं कधी कधी," महाराज मिशी पुसत म्हणाले.

पुढच्या प्रयोगाआधी मालक ताईच्या स्टुलाशी येऊन वाकले. "ताई, दुसऱ्या अंकात खोकला जरा वाढवा. लोक वाट बघतात."

"मालक, तो माझ्या हातात नाही हो."

खरंच नव्हता. संध्याकाळ झाली की अंगात कणकण. रात्रीतून घामानं उशी ओलीचिंब. कपडे अंगावर घातल्यासारखे न दिसता खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले. ताई भाऊ-वहिनीकडे राहायची. भाऊ मुळात गरीब स्वभावाचा, काळजी वाटली की पेपर जास्त वेळ वाचायचा. वहिनी मात्र ऐकणारी नव्हती.

"वन्सं, काय झालंय म्हटलं की हवा बदललीय म्हणता. अहो, हवा बदलली, परत होती तशी झाली, आता दुसऱ्यांदा बदलली! चला दवाखान्यात."

"अगं, पण प्रयोग..."

"राजाला सांगा, आज राज्य स्वतः चालवा."

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणजे एक प्रकरण होतं. देहानं एवढ्याशा, पण आवाज असा की कपाटातल्या बाटल्या हलाव्यात. त्यांनी ताईच्या हातात झाकणाची डबी ठेवली आणि बाहेर मोकळ्या हवेत उभं केलं. "खोल श्वास घ्या, खोकून आतला बेडका काढा. तोंडातली थुंकी नको."

ताईनं मान वळवली, ओठांवर बोटं ठेवली आणि खोकली. मांजराला शिंक यावी तेवढा आवाज.

"हे काय?"

"खोकले."

"हा खोकला? बाई, हा तर खोकल्याचा निरोप झाला! स्वतः खोकल्याला पाठवा!"

आता काय सांगणार? जन्म गेला विंगेत. प्रयोग चालू असताना शिंक गिळायची, ठसका गिळायचा, हसू गिळायचं, हेच अंगवळणी पडलेलं. मोठ्यानं खोकायचं कसं, हे तिला ठाऊकच नव्हतं. शेवटी सिस्टरांनी कमरेवर हात ठेवून स्वतः करून दाखवलं, "हॅऽऽऽख्खॉक्!" समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. ताईला आलं हसू, हसता हसता लागली उबळ, आणि पोटाच्या तळातून जे निघालं त्यानं उरलेले कावळेही उडाले.

"वा!" सिस्टरांनी डबीला झाकण लावलं. "आता कसं माणसासारखं खोकलात."

डबीनं आणि एक्स-रेनं एकच सांगितलं. टीबी. रोज गोळ्या, सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. डॉक्टर परवानगी देतील तोवर कामाला सुट्टी. आणि ज्यांच्याजवळ ती बसते-उठते त्या सगळ्यांची तपासणी.

मरायची भीती ताईला फारशी वाटली नाही. सिस्टरांसमोर मरायची कुणाची हिंमत होती? तिला धास्ती होती ती स्टुलाची. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं आणि रुळलं, तर आपण कोण? आणि कंपनीला एकदा कळलं, की आपल्याला पुन्हा विंगेत घेतील तरी का?

पण सांगणं भाग होतं. तोंडाला मास्क लावून ती थिएटरच्या मागच्या अंगणात उभी राहिली. सगळी मंडळी समोर गोळा झाली. ताई बोलली. पण तिचं बोलणं म्हणजे कुजबूज, वर मास्क. "काय म्हणाली?" "काय गं?" कुणाला काही कळेना. कळलं फक्त महाराजांना, कारण त्यांचा कान त्याच आवाजावर पोसलेला. त्यांनी सवयीनं हात उंचावला आणि अंगण दणाणून सोडलं.

"मला टीबी झाला आहे! माझ्यामुळे तुम्हा सर्वांना तपासणी करावी लागेल! मला क्षमा करा!"

दोन शिपाई टाळ्या वाजवायला निघालेसुद्धा. मग महाराजांचा हात खाली आला. आपण काय बोललो, हे त्यांनाच आत्ता ऐकू आलं. "क्षमा कसली, ताई?" एवढं एकच वाक्य ते त्या दिवशी पदरचं बोलले आणि नाक ओढत मेकअपच्या खोलीत गेले.

बाकीचे मात्र जातिवंत नट. पाच मिनिटांत सगळी कंपनी आजारी. राणीच्या पाठीत दुखायला लागलं, प्रधानाला भूक लागेना, एका शिपायाला तर गुडघ्यात टीबी असल्याची खात्रीच पटली. वरात दवाखान्यात गेली. सगळे स्वच्छ निघाले. महाराज निकालाचा कागद धरून खट्टू.

"एवढा खोकलो मी! जीव तोडून! आणि काहीच नाही?"

"तो अभिनय होता हो," सिस्टर म्हणाल्या. "यंत्राला टाळ्या वाजवता येत नाहीत."

घरी वहिनीनं ताईचं ताट वेगळं काढलं होतं. सिस्टरांनी कान उपटले, "ताटानं नाही होत हा. हवेतून होतो. खिडक्या उघडा!" झालं. वहिनीनं घरातली होती नव्हती ती खिडकी सताड उघडली. भावाचा पेपर रोज घरभर उडायचा आणि तो बिचारा बातमीच्या मागं धावायचा.

गोळ्यांचे पहिले दिवस वाईट गेले. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं, पाण्याचा वासही नको व्हायचा. पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून किंकाळी आली. आयुष्यातली पहिली किंकाळी! वहिनी लाटणं घेऊन धावली.

"वहिनी, नारिंगी! लघवी नारिंगी झालीय माझी!"

"सिस्टर म्हणाल्या होत्या ना, गोळ्यांचा रंग उतरतो!"

"म्हणाल्या होत्या. पण एवढा?"

आणि मग एक दिवस भूक आली. आली ती अशी आली की ताईनं स्वतःचं जेवण संपवलं, भावाचं उरलेलं संपवलं आणि वहिनीच्या ताटाकडं बघत बसली. गालांवर मांस चढलं. खोकला पार पळाला. पुढची डबी स्वच्छ आली. "आता कामाला जा," डॉक्टर म्हणाले, "पण गोळ्या शेवटपर्यंत."

इकडं कंपनीचे हाल कुत्रा खाईना. स्टुलावर मालक स्वतः बसत होते आणि मालकांना कुजबुजता येत नव्हतं. "प्रधानजी, सीमेवर शत्रू!" हे विंगेतून इतकं खणखणीत यायचं, की महाराजांनी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतलं पब्लिक तेच ओरडायचं.

एका दुपारी मालक आणि महाराज घरी आले. मालकांनी ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, ठणठणीत झालात की! दौरा ठरलाय. लांबचा आहे. परवा निघायचं."

ताईनं गोळ्यांचं पाकीट उचलून दाखवलं. "पण गोळ्या? दवाखाना इथं आहे."

"आल्यावर घ्या उरलेल्या! बऱ्या माणसाला कशाला गोळ्या? बघा बुवा. नाहीतर मला दुसरी बाई ठेवावी लागेल."

झालं! ज्याची धास्ती तेच दारात येऊन बसलं. आणि खरं सांगायचं तर ताईलाही मोह झाला. खोकला नाही, ताप नाही, स्टूल वाट बघतंय. पण सिस्टर बजावून म्हणाल्या होत्या, अर्ध्यात सोडलात तर तो परत येईल आणि मग या गोळ्यांना भीक घालणार नाही. तो आवाज ताईच्या डोक्यात घुमत होता. ताई काहीतरी पुटपुटली.

"काय?" मालक कानाला हात लावून म्हणाले.

ताई उभी राहिली. पोटाच्या तळातून, कावळे उडवणाऱ्या जागेवरून, आवाज काढला. "गोळ्या बरोबर नेता येत असतील तरच येईन! नाहीतर ठेवा दुसरी!"

"नाहीतर ठेवा दुसरी!" महाराज सवयीनं गरजले.

मालक दचकले. "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"जिकडून वाक्य येतं त्यांच्या."

मालक निमूट दवाखान्यात गेले. सिस्टरांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या मोजून ताईच्या हवाली केल्या, वाटेतल्या दवाखान्यांना कळवलं आणि वर अट घातली, रोज सकाळी मी फोन करणार.

तो फोन म्हणजे बसमधला खरा प्रयोग. "गिळल्या?" फोनमधून डरकाळी. अख्खी बस ओरडायची, "गिळल्या!" राणी नाजूक, प्रधान नाकात, शिपाई एका सुरात, महाराज खिडक्यांच्या काचा थरथरवत.

"मला तुमची फौज नको! तिचा आवाज ऐकू दे!"

मग ताईला ओरडावं लागायचं, "गिळल्या हो!"

गावं मागं पडत गेली, प्रयोग होत गेले, गोळ्या सरत गेल्या. तपासणीची शेवटची डबी वाटेतल्याच एका दवाखान्यात दिली. आणि एका सकाळी फोन आलाच नाही. बसमध्ये चुळबूळ. राणी घड्याळ बघतेय, प्रधान घसा साफ करून बसलाय. महाराजांना राहवेना, त्यांनी ताईचा फोन घेऊन स्वतःच लावला.

"सिस्टर! आज ओरडायचं नाही?"

"अहो, काल संपल्या तिच्या गोळ्या! तपासणीही स्वच्छ आलीय. बरी झाली ती. आता मला चहा पिऊ द्या!"

महाराज बसकडं वळले. हात उंचावला, तोंड उघडलं, आणि एवढ्या मोठ्या बातमीला वाक्यच सुचेना. त्यांनी ताईकडं पाहिलं. ताई कुजबुजली नाही. सीटवर चढली, डोकं छताला आपटलं, तरी हसतच ओरडली, "मी बरी झाले!"

बस हादरली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि घाबरून मागं वळला. "कोण राहिलं? कोण मागं राहिलं?"

"कुणी नाही राहिलं हो," डोकं चोळत ताई म्हणाली. "चला तुम्ही."