मोडेमला ऐकू येत नाही

मोडेमचे किस्से जमवावे लागत नाहीत. डबे उघडले की कुणीतरी "काल लागलं का?" एवढं विचारायचं, बस. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात हा प्रश्न रोज गायकवाडला विचारला जायचा, आणि तो रोज तापायचा.

गायकवाडचा भाऊ मस्कतला. त्याची मुलगी वेळेआधी जन्मली, काचेच्या पेटीत होती. फोनवरचं "आता बरी आहे" आईला पटेना. तिला फोटो बघायचा होता, आणि गुडघ्यांमुळे सायबर कॅफेचा जिना चढवत नव्हता. म्हणून घरी इंटरनेट. त्यात कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स, कारण चोरीचं विंडोज घरात नको, हा गायकवाडचा हट्ट.

*

उल्हासनगर कॅम्प १ मधून आणलेला मोडेम लिनक्सला दिसेचना. परत नेला, तर दुकानदाराने स्वतःच्या विंडोजवर चालवून दाखवला. "साईं, मोडेम सही है. आपका कॉम्प्युटर बीमार है."

त्या स्वस्त मोडेमचं अर्धं काम विंडोजच करायचं, म्हणून तो लिनक्सवर मुका. अर्धा मोडेम डब्यात विकता, उरलेला अर्धा विंडोजमध्ये ठेवता, आणि आजारी माझा कॉम्प्युटर? गायकवाड आठवडाभर हेच बोलत होता.

*

मग बाहेरून जोडायचा मोडेम मिळाला. लिनक्सने तो लगेच ओळखला, नंबरही फिरवला, पण पासवर्डपाशी गाडी अडली. हेल्पलाइनवरच्या मुलीने स्टार्ट बटण दाबायला सांगितलं. हा म्हणाला, माझ्याकडे ते बटणच नाही.

"मग सर, कॉम्प्युटर चालू कसा केलात?"

शेवटी सेटिंगमधली एक ओळ आम्हीच बदलली, तेव्हा पासवर्ड गेला.

*

आता लाइन तुटायला लागली. खरखर फार. तक्रारीवर तक्रार केल्यावर लाइनमन आला. आमच्यादेखत स्वतःच्या घरी फोन लावून भाजी काय केलीय ते विचारलं, आणि लाइन स्वच्छ आहे म्हणाला. गायकवाडने सांगितलं, माणसाला ऐकू येतं, मोडेमला येत नाही.

"मग तक्रार मोडेमला करायला सांगा."

*

एका रविवारी दुपारी मी त्याच्याकडे होतो. मोडेमने शिट्ट्या मारल्या आणि कनेक्शन टिकलं. भावाची मेल उघडली. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरायला लागला. टोपरं, कपाळ, मग डोळे. आई स्क्रीनला नाक लावून बसलेली. मग ती उठून आत गेली.

फोटो तिथेच थांबला.

आतल्या खोलीत त्याच लाइनवर फोनचा दुसरा डबा होता; तो उचलला की मोडेमची लाइन तुटायची. बदलापूरच्या बहिणीला कळवायला आईने तो उचलला होता. गायकवाड धावत गेला. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि अजून नाक, तोंड, सगळं यायचं होतं, असं काय काय ओरडला. आईने त्याला हातानेच गप्प केलं आणि नंबर फिरवला.

"अगं, डोळे उघडलेत पोरीने."